आईची स्टडी

आई दारातून ओरडून सांगायची, "स्टडीला चालले गं!" आणि आत्या लगेच चिमटा काढायची, "वहिनी, या वयात कसली परीक्षा देताय?"

आईची स्टडी म्हणजे चित्रकलेच्या कॉलेजात खुर्चीवर गप्प बसणं. समोरची मुलं तिचं डोकं, मान, हात कागदावर उतरवायची. अशा सरावाच्या चित्राला ती मुलं स्टडीच म्हणायची. घरात थोरल्या भावाचीही परीक्षेची स्टडी चाले. त्याच्यासाठी सगळ्यांनी कुजबुजत बोलायचं, त्याला खोलीत दूध नेऊन द्यायचं. शब्द तोच, पण त्याच्या स्टडीचं कोण कौतुक आणि आईच्या स्टडीला टोमणे! आई हसून सोडून द्यायची. दुसरं करणार तरी काय होती बिचारी?

ती गेली आणि घरात तिचा एक धड फोटो सापडेना. कॅमेरा दिसला की ती हात आडवा धरायची, त्यामुळे जिथे तिथे तळहातच. धाकट्या लेकीला तिच्या चेहऱ्याची इतकी ओढ लागली की शेवटी आपलं शिवणाचं दुकान बंद ठेवून ती त्या कॉलेजात गेली.

म्हातारे सर आईला ओळखत होते. पण आईची एखादी स्टडी द्या, ही मागणी ऐकून ते ओशाळले.

"ताई, स्टडी कोण जपून ठेवतं? सरावाचे कागद ते. पाठकोरे वापरायचे आणि रद्दीत घालायचे."

"इतक्या मुलांनी पाहिली माझी आई. मला एकही मिळू नये?" धाकटीने विचारलं.

सरांनी डोकं खाजवलं. मग त्यांनी कपाट उघडून एक गठ्ठा काढला. "चुकलेल्या ठेवल्यात. नव्या मुलांना चुका दाखवायला लागतात."

पहिल्या कागदावर आईचं नाक हातभर लांब होतं. दुसऱ्यावर एक डोळा कपाळाला टेकलेला. धाकटी हसता हसता रडायला लागली. आई कुठेच नव्हती.

तळाच्या कागदावर मात्र एक बाई मान कलती टाकून झोपली होती. ओठ किंचित उघडे, कपाळावर एक आठी नाही.

"हिच्यात काय चुकलंय?"

"डोळे उघडे काढायचे होते," सर म्हणाले. "तुमच्या आईला डुलकी लागली. बाकीची मुलं थांबली. एका मुलीने ती झोपच कागदावर काढली. चूक ती चूक, पण त्या मुलीचा हात छान आहे. बाईंना उठवायचं कुणाच्याच जिवावर येईना, तास संपला तरी."

धाकटी बघत राहिली. घरात आई सगळ्यांच्या आधी उठायची, सगळ्यांच्या नंतर आडवी व्हायची. त्या दुपारी त्या वर्गात, त्या खुर्चीजवळ आपण का नव्हतो, असं वाटून तिचा जीव तळमळला.

"ओळखू येतात ना?" सरांनी हळूच विचारलं.

"नाही हो," ती म्हणाली. "आमच्यापैकी कुणीच तिला झोपलेलं पाहिलं नाही, सर. त्यासाठी तिला तुमच्याकडे यावं लागत होतं."