दर्यावर्दीची सातवी खेप

दर्यावर्दीचे सहा चित्रपट निघाले आणि सहाही एकाच संकलकाने कापले. स्टुडिओत त्याला सगळे कात्री म्हणत. फिल्म खरोखरच कात्रीने कापायच्या दिवसांत त्याला हे नाव पडलं. पुढे कात्री गेली, संगणक आला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. गलबतावरून उड्या मारणारा, बुडालेली बेटं शोधणारा दर्यावर्दी पडद्यावर उभा करणारा नट आता सदुसष्ट वर्षांचा झाला होता. त्याला लहानथोर सगळे दादा म्हणत.

सातव्या चित्रपटाचं घोंगडं पाच वर्षं भिजत पडलं होतं. जुने मालक गेल्यावर स्टुडिओ त्यांच्या मुलीकडे आला. एक दिवस या मालकीणबाईंनी कात्रीला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"सगळे म्हणतात, दोनच रस्ते आहेत," त्या म्हणाल्या. "एक तर नवा नट घ्यायचा. नाहीतर दर्यावर्दीला कायमची सुट्टी द्यायची, सातवा काढायचाच नाही. दादा म्हणतात तिसरा रस्ता आहे. तो म्हणजे ते स्वतः."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला? मी शाळेत होते तेव्हापासून या माणसाच्या खांद्यावर बसलेय. मला काय विचारतोस? तुला काय वाटतं ते सांग."

"थांबवावं. नवाही नको, जुनाही नको. चांगला होता, संपला," कात्री म्हणाला.

"हे तू दादांना सांगशील?"

"तुम्हीच सांगा ना," कात्री म्हणाला.

"बघ, म्हणजे तूही माझ्यासारखाच," मालकीणबाई म्हणाल्या. "मी दोघांची चाचणी घेतेय. दादांची आणि त्या नव्याची. दोन्ही तीन-तीन मिनिटांच्या कापून दे. पैसे लावणाऱ्यांना दाखवायच्यात. आणि एक ऐक. झाकपाक करू नकोस. जसं आहे तसं दाखव."

नव्याच्या चाचणीत कात्रीला काही करावंच लागलं नाही. पोरगं वाघासारखं चढलं, मांजरासारखं उतरलं. दादांच्या चाचणीचे मात्र नऊ टेक होते. गलबताच्या देखाव्यावर दोरशिडी टांगलेली, सात पायऱ्या चढायचं, फळीवर उडी टाकायची, वळून एक वाक्य बोलायचं. एवढंच. पहिल्या टेकला चौथ्या पायरीवर गुडघा लटपटला. दुसऱ्याला पाय नीट पडला, पण वाक्य आठवेना. तिसऱ्याला डावा हात थरथरत होता, तो त्यांनी पाठीमागे लपवला. सहाव्यानंतर कॅमेरा चालूच राहिला होता. दादा फळीवर बसले होते, छातीवर हात ठेवून, आणि कुणालातरी म्हणत होते, "होतंय, होतंय, एक मिनिट द्या फक्त."

कात्रीने ते चारदा पाहिलं. हे सगळं त्याला नवं नव्हतं. पाचव्या चित्रपटापासून तो दादांचं वय कापून बाजूला काढत होता. उडी दादांची सुरू व्हायची आणि संपायची डबलच्या, म्हणजे त्यांच्या जागी उड्या मारणाऱ्या माणसाच्या, पायांवर. पहिल्या चित्रपटात दादा अख्खं गलबत एका दमात धावून गेले होते, कट न देता. सहाव्यात त्यांचा एकही शॉट दोन सेकंदांच्या वर टिकला नव्हता. लोकांना वाटलं, काय वेग आहे!

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा स्वतः संकलनाच्या खोलीत आले. एकच मजला चढायचा होता, पण जिन्यात ते दोनदा थांबल्याचं कात्रीला ऐकू आलं. आत येऊन त्यांनी खुर्ची ओढली आणि हसले.

"कसा झालोय?"

"दादा, खरं सांगू?"

"नको." दादांचं हसू तसंच राहिलं. "खरं मला ठाऊक आहे. माझाच गुडघा आहे तो. पण मला सांग, घरी बसून मी करू काय? तुझी वहिनी म्हणते, बाग करा. मला झाडांतलं काय कळतं? रस्त्यात लोक मला दर्यावर्दी म्हणून हाक मारतात, मी मागे वळतो. उद्या ते त्या पोराला हाक मारतील. तेव्हा मी कुठे बघायचं?"

"पण दादा, चित्रीकरण म्हणजे काही तीन मिनिटं नसतात."

"तेव्हाचं तेव्हा बघू. डबल आहेत, तू आहेस. एकदाच. मग मीच सांगतो, पुरे."

एवढा मोठा माणूस. त्याने कात्रीच्या मुलीच्या लग्नात पंगत वाढली होती, कात्रीचा बाप गेला तेव्हा तो पहाटेपासून दारात उभा होता. कधी काही मागितलं नव्हतं. आता मागत होता, आणि मागताना टेबलावरच्या पेन्सिली उगाच सरळ करत होता.

कात्रीने ती चाचणी कापली. आयुष्यात इतकं सुंदर काम त्याने केलं नव्हतं. पाय दुसऱ्या टेकमधला, चेहरा पाचव्यातला, आवाज आठव्यातला. सहाव्या चित्रपटातून उचललेली डबलची पाठ अशी बेमालूम बसवली की खुद्द डबललाही ओळखू आली नसती. पैसे लावणारे खूश झाले. एक जण तर म्हणाला, "म्हातारा अजून भल्याभल्यांना भारी पडेल!" मालकीणबाईंनी नुसती मान डोलावली. सातवा चित्रपट दादांना मिळाला.

बातमी फुटली त्या आठवड्यात वहिनी स्टुडिओत आल्या. त्या कधी यायच्या नाहीत. दारातच उभ्या राहिल्या, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून.

"तुम्ही त्यांचं सगळं चित्रण बघितलंत ना? घरी बाथरूममध्ये मी त्यांना हात देते. मला सांगा, खरंच जमेल त्यांना?"

आता सांगून टाकावं असं कात्रीच्या अगदी ओठांवर आलं. पण चाचणी दाखवून झाली होती, करार झाला होता, दादांनी केस काळे करून घेतले होते.

"जमेल, वहिनी," तो म्हणाला. "मी बघितलंय."

त्यांनी पर्स खांद्याला अडकवली आणि आल्या तशा निघून गेल्या.

दिग्दर्शक नवा होता, हुशार होता आणि दादांवर जीव टाकत होता. त्याने चाचणी इतक्यांदा पाहिली होती की ती त्याला पाठ होती. तिच्याच भरवशावर त्याने ठरवलं, या वेळी तुकडे तुकडे नकोत. दादा अखंड दिसले पाहिजेत, शिडी, उडी, वाक्य, सगळं एका शॉटमध्ये. लोकांनी म्हटलं पाहिजे की हा खरा दर्यावर्दी. दादांना नाही म्हणता आलं नाही. कोणत्या तोंडाने म्हणणार? चाचणीत तर केलं होतं.

चित्रीकरणाचा नववा दिवस, सकाळची पाळी. कात्री तिथे नव्हता. त्याला फोनवर कळलं. दादा सहाव्या पायरीवरून मागे कोसळले. खाली गादी होती, पण ते गादीच्या कडेवर पडले. खुबा मोडला, डोकं आपटलं. रुग्णालयात दिग्दर्शक भिंतीला टेकून उभा होता आणि भेटेल त्याला एकच सांगत होता, "चाचणीत अगदी सहज केलं होतं हो त्यांनी. तुम्ही बघा हवं तर."

त्याच दिवशी कात्री मालकीणबाईंकडे गेला आणि सगळं बोलून मोकळा झाला. नऊ टेक, फळीवर बसलेले दादा, डबलची पाठ. मालकीणबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मला संशय आला होता," त्या म्हणाल्या. "तेव्हा विचारलं नाही. मला खोटंच हवं होतं बहुतेक. पण तू द्यायला नको होतंस." मग त्यांनी दार उघडून धरलं. "जा आता."

त्यानंतर त्यांनी कात्रीला कधी बोलावलं नाही. चार महिन्यांनी सातवा चित्रपट पुन्हा सुरू झाला, नव्या नटाला घेऊन, नव्या संकलकाकडे.

दादांना खुर्चीत बसवायला दोन माणसं लागत. जीभ जड झाली होती. कात्री पहिल्यांदा घरी गेला तेव्हा वहिनी चादरींच्या घड्या घालत होत्या. त्याने त्यांनाही सांगितलं. वहिनींचे हात थांबले नाहीत.

"हे मला सांगून तुम्ही हलके झालात," त्या म्हणाल्या. "मी कुणाला सांगू? मी त्यांना अडवायला निघाले होते. तुम्हाला विचारलं, आणि नाही अडवलं." चादर कपाटात ठेवून त्या वळल्या. "ते तुमची आठवण काढतात, म्हणून येत जा. माझ्याशी बोलू नका."

तेव्हापासून दर गुरुवारी तो जातो. वहिनी दार उघडतात आणि आत निघून जातात. तो दादांना पेपर वाचून दाखवतो, नखं कापून देतो. दादांनी त्याला कधी बोल लावला नाही. त्यांना तो दिवस नीट आठवतही नाही. कधी कधी विचारतात, आपलं चित्रण किती राहिलं?

परवाच्या गुरुवारी टीव्हीवर नव्या दर्यावर्दीची झलक लागली. कात्री बंद करायला उठला, पण दादांनी हाताने थांबवलं. पोरगं दोरावरून झोका घेऊन गेलं, कट न देता. दादा एकटक बघत होते.

"कोण आहे हा?" त्यांनी जड जिभेने विचारलं.

"नवा नट आहे, दादा."

"चांगला आहे." मग कात्रीकडे वळून ते म्हणाले, "याचं लवकर होऊ दे. पुढे सेट आपल्याला हवाय."

कात्रीने टीव्हीचा आवाज कमी केला. आतल्या खोलीत वहिनींच्या हातून काहीतरी खाली पडलं. ते उचलल्याचा आवाज मात्र बराच वेळ आला नाही.