मोहोर नावाची चार माणसं

दुर्गजवळच्या सुपेल्यात, चौकातल्या एका च्वाइस सेंटरमध्ये, म्हणजे सरकारी कागदपत्रं करून देणाऱ्या दुकानात, मोहोर गजभिये सात वर्षांपासून कॉम्प्युटरवर बसत होती. जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, रेशन कार्डातल्या दुरुस्त्या. दिवसभरात शंभरेक माणसांची नावं तिच्या बोटांखालून जायची. कृष्णराव, अंजनाबाई म्हटलं की माणूस साठीपुढचा, नरेश म्हटलं की चाळिशीतला, मोहित म्हटलं की विशीतला, एवढं तिला फॉर्म न वाचताच कळायचं. तिचं स्वतःचं नाव मात्र या सात वर्षांत एकदाही समोर आलं नव्हतं. बाईचंही नाही, पुरुषाचंही नाही. हिंदी शाळेत मास्तर तिला 'मोहर' म्हणत आणि हिंदीतल्या त्या अर्थानं टेबलावर शिक्का मारल्यासारखी मूठ आपटत. पोरं हसायची. टपालावर 'श्री' यायचं. लहानपणी तिनं बापाला विचारलं होतं, तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, "एका दोस्ताचं नाव व्हतं." मग उठून बाहेर गेला होता.

जानेवारीत एके सकाळी चौतीस-पस्तीस वर्षांचा एक माणूस फॉर्म घेऊन आला. जुन्या कार्डावर त्याच्या नावापुढे 'महिला' छापलं गेलं होतं, ते बदलायचं होतं. मोहोरनं फॉर्म ओढला आणि तिचा हात थांबला. मोहोर भाऊराव रामटेके, दुर्ग.

"ये नाम... तुमचंच?"

"हो मॅडम. मोहर नहीं, मोहोर. सगळे चूकच लिहितात."

तिनं गळ्यातलं ओळखपत्र उलटं होतं ते सरळ करून त्याच्यापुढे धरलं. त्यानं वाचलं आणि तो हसलाच. "अरे! तुम जानराव काकाची पोरगी? बाबा सांगत होते, सुपेल्यात एक आहे म्हणून. अपन चार आहोत ना. एक देवीदास काकाचा पोरगा, तो राजनांदगावला गेला. एक प्रेमानंद काकाची पोरगी होती, ती लहानपणीच वारली."

"चार कावून?"

"तुले नाही माहीत?" त्यालाच नवल वाटलं. मागे माणसं खोळंबली होती, तरी त्यानं थोडक्यात सांगितलं. चौघांचे बाप रेल्वेच्या एकाच गँगमध्ये होते, दुर्गच्या बाजूला रूळ ठोकायचे. पाचवा होता मोहोर मेश्राम, बावीस वर्षांचा, बिनलग्नाचा. सुट्टीच्या दिवशी पाचही जण शिवनाथ नदीवर गेले. देवीदास काका बुडायला लागला, मोहोरनं उडी मारली, त्याला काठाला लावलं आणि स्वतः गेला. म्हणून चौघांनी आपल्या पहिल्या लेकराला त्याचं नाव दिलं, मुलगा होवो की मुलगी. "त्याची माय अजून हाय. कॅम्प दोन वस्तीत, भाचीकडे. बाबा होते तेव्हा दर चौदा एप्रिलले तिच्यासाठी लुगडं नेऊन देत. बाबा गेले, मी कधी गेलोच नाही."

तो गेल्यावर मोहोरनं चार फॉर्म चुकीचे भरले. तिच्या नावामागे एक माणूस होता, आणि तोही दुसऱ्यासाठी मेलेला. एवढी चांगली गोष्ट बापानं चौतीस वर्षं पोटात कशाला ठेवावी, हे तिला कळेना.

जानराव संध्याकाळी अंगणात खाटेवर गुडघ्यांना तेल लावत बसला होता. रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती. बायको, कमला, गेल्यापासून घरात दोघंच. तो लेकीला 'बाई' म्हणायचा. 'बाई, भात झाला का? बाई, गोळी कोठी हाय?' नावानं त्यानं तिला कधी हाक मारली नव्हती, आणि तिनंही ते कधी मनावर घेतलं नव्हतं.

"भाऊराव काकाचा मोहोर आला होता आज," ती म्हणाली.

जानरावचा हात गुडघ्यावरच राहिला. "काय म्हनला?"

"तुमच्या दोस्तानं देवीदास काकाले वाचवलं म्हणे. खरं का, बाबा?"

"खरं," तो म्हणाला, पण तेलाची वाटी उचलताना त्यानं ती सांडली. "झालं ते झालं. म्हातारीकडे जाऊ नको. तिले कायले तरास."

ती रविवारी गेली. कॅम्प दोनच्या एका गल्लीत दोन खोल्यांचं घर होतं. भाची, चंदा, दारात मेथी निवडत होती. आत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि त्याच्याखाली एका पोराचा, ओळखपत्रावरून मोठा केलेला, डोळे अंधुक झालेला. मनकर्णाबाई ऐंशीच्या असतील. त्यांना दिसायचं कमी, ऐकू नीट यायचं.

"मी मोहोर, आजी. जानराव गजभियेची पोरगी."

म्हातारीनं मोहोरचा हात हातात घेतला आणि मनगटापासून बोटांपर्यंत चाचपला. "तू पयलीच आली," ती म्हणाली. "बाकीच्याईचे बाप यायचे. लेकरं कोनी आनली नाही."

मोहोरनं नावाचं विचारलं. ते सांगताना म्हातारीचा आवाज जरा सुटला. तुमसरकडचं गाव. तीन लेकरं पोटातच गेली होती. चौथ्या खेपेला दिवस भरत आले, तेव्हा धुकं पडलं आणि गावातल्या साऱ्या आंब्यांचा मोहोर काळा होऊन गळाला. त्यांच्या दारच्या झाडाचा तेवढा टिकला. "मी तवाच म्हनली, पोरगा होवो का पोरगी, नाव मोहोर. लोक हासले. असं कोठी नाव असते का म्हने. मी म्हनली, नसन तर आता हाय."

"आणि तुमच्या मोहोरनं माणूस वाचवला," मोहोर म्हणाली. तिला काहीतरी चांगलं बोलायचं होतं.

म्हातारीनं तिचा हात सोडला.

"सहा वर्साचा व्हता तवा विहिरीत पडला," ती म्हणाली. "काढला, जगला. पन तवापासून पान्याची धास्ती बसली. गावात गुडघाभर नाला व्हता, तो ओलांडाले त्याले बापानं खांद्यावर घ्यावं लागे. पंधरा वर्साचा घोडा झाला तरी. असा पोरगा दुसऱ्याले वाचवाले डोहात उडी मारन का, बाई?"

बाहेर चंदाचे मेथी निवडणारे हात थांबले होते.

"तुम्हाले... तेव्हाच कळलं?"

"त्याईनं सांगतल्या सांगतल्या कळलं. चौघं उभे व्हते समोर, मान खाली घालून. एकाले दाढीबी नीट आली नव्हती. मी बोलली असती, तर चारी पोट्टे जेलात गेले असते. मंग माहा पोरगा उठून आला असता का? मी काही नाही बोलली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी चौघाईले बसवलं आन् म्हनली, मले वचन द्या. तुमच्या पयल्या लेकराले माह्या लेकराचं नाव ठेवान. त्याईले वाटलं, माय पोराचं नाव जगवून राहिली." ती थांबली. "मी मनात म्हनली, रोज हाका मारा आता. उठता बसता मारा. जेवाले बोलवा, शाळेत पाठवा. मरतवरी मारा."

मोहोर घरी कशी आली, ते तिला नंतर आठवलं नाही. जानराव खाटेवरच होता. ती समोर उभी राहिली.

"तो पाण्याले भीत होता," ती म्हणाली. "आजीले पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

त्यानं वर पाहिलं. मग बोलू लागला, तो खालच्या फरशीशी बोलल्यासारखा. थोडी मोहाची दारू घेतली होती. सगळे पाण्यात, तो एकटा काठावर कपडे सांभाळत बसलेला. भित्रा म्हणून चिडवलं, तो हसला. मग चौघांनी त्याला हातापायाला धरून उचललं. "उजवा हात माह्याकडे व्हता. त्यानं हात जोडले असते, पन हात आमी धरले व्हते. दोन झोके देल्ले आन् फेकलं. आमाले वाटलं कंबरभर पानी हाय. तो वर आला, खाली गेला. आमी हासून राहिलो व्हतो. नाटक करते म्हनून हासून राहिलो व्हतो."

मोहोरला त्याच्याजवळ बसवेना. उभंही राहवेना. ती आत जाऊन चुलत्याच्या लग्नातल्या जुन्या फोटोत बापाचे हात पाहत राहिली. त्या रात्री कोणी जेवलं नाही.

दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं कामावर सुट्टी सांगितली, ऑटो बोलावला आणि म्हणाली, "उठा."

"मले नाही जमनार."

"तिले ऐंशी वर्षं झाली, बाबा."

मनकर्णाबाई तशाच भिंतीला टेकून बसल्या होत्या. जानराव गुडघे दुखत असूनही खाली जमिनीवर बसला. त्यानं सगळं सांगितलं, लेकीला सांगितलं त्याच्याहून जास्त. प्रेमानंदला पोहता येत होतं, तो त्याला काढायला गेला, पण उशिरा. देवीदास रात्रभर ओकत होता. गोष्ट भाऊरावनं रचली आणि बाकीच्यांनी पाठ केली. चंदा पदर तोंडावर धरून उभी होती.

तो थांबल्यावर म्हातारीनं एकच विचारलं.

"कोनाले हाक मारली त्यानं?"

मोहोरला वाटलं, आता तरी यानं खोटं सांगावं. 'माय' म्हणाला, एवढं सांगावं.

"मले," जानराव म्हणाला. "माह्या नावानं. तीनदा."

म्हातारीनं मान हलवली, जणू कोणी नुसता पत्ता सांगितला. मग भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. जानराव तिच्या पायाकडे सरकला, तसे तिनं पाय पोटाशी ओढून घेतले.

"जा आता," ती भिंतीकडेच बोलली. "दोघंबी जा. मले आता कोनाचं येनं नाही पायजे."

चंदानं त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि कडी लावली. गल्लीत दुपारचं ऊन होतं, समोरच्या घरात टीव्हीवर कसलीशी पाककृती चालली होती. जानराव पायरीवर बसला आणि रडू लागला, म्हातारी माणसं रडतात तसा, आवाज न करता, नाक पुसत. मोहोर दोन पावलांवर उभी होती. त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं तिच्या मनात आलं, आणि हात काही उठला नाही. थोड्या वेळानं ती ऑटो बघायला गल्लीच्या तोंडाशी गेली.