ओल म्हणे!

आमच्या चर्चच्या भिंतीला दरवर्षी ओल येते. आता ओलीला दोन डोळे, दाढी आणि डोक्यामागे सोनेरी चकती कशी असते, हे कमिटीला विचारायची सोय नाही. कमिटी म्हणजे माझा मामा. दरवर्षी तो सगळ्या मंडळीला ब्रश घेऊन बोलावतो आणि त्या बिचाऱ्या संताच्या तोंडाला चुना फासतो. काही महिन्यांत संत पुन्हा हजर.

खरं सगळ्यांना ठाऊक आहे. चर्च आधी दुसऱ्या पंथाचं होतं. आमच्या पंथाने ते घेतलं, मूर्ती काढल्या, चित्रं चुन्याखाली गाडली. जुन्या वेदीकडे तोंड नको म्हणून बाकसुद्धा आडवे फिरवले. म्हणजे इमारत लांबलचक पूर्वेला धावतेय आणि आम्ही शिक्षा झाल्यासारखे बाजूच्या भिंतीकडे बघत बसलोय! वेदीच्या देखण्या अर्धगोल जागेत झाडू आणि बादल्या.

यंदा पाहुण्यांना चर्च दाखवायचं काम मला मिळालं, बिल्ल्यासकट! तो लावून मी शाळेतही मिरवले. मामाने पाठ करायला कागद दिला: ‘हे चर्च पहिल्यापासून आपल्याच पंथाचे आहे.’

“मामा, ही शुद्ध थाप आहे.”

“शहाणपणा नको. वाचायचं नसेल तर बिल्ला दे.”

बिल्ला हवा होता. कागद पाठ केला.

पाहुणे आले. एका आजींनी छत पाहिलं, मग बाक. “अगं, हे असे आडवे का?”

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाला, “उजेडासाठी, आजी.”

समोरच्या भिंतीला एकही खिडकी नाही. थाप मारायची तर निदान बरी तरी मारावी!

आजी माझ्याकडे वळल्या. “खरं का गं?”

“छे!” मी म्हणाले, आणि मूर्ती, वेदी, चुना, सगळं सांगून टाकलं.

मामा पाहुण्यांकडे बघून गोड हसला आणि माझ्यापुढे हात पसरला. “बिल्ला.”

मी काढून दिला. मामाने तो स्वतःच्या कोटाला लावला. “तर मंडळी, पहिल्यापासून...”

“तुम्ही बसा हो जरा,” आजी म्हणाल्या. “हिचं अर्धंच राहिलंय.”

मग मी उरलेलं अर्धंही सांगितलं. बिल्ला काही परत मिळाला नाही. आता चर्च मामाच दाखवतो, कोटाबिटात. आणि लोक माझ्या घरची बेल वाजवतात.