चकती सहाची

सोमवारी सकाळी नम्रताने प्लेट माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "आत्या, आधी नाव बघ."

नम्रता माझ्या भावाची, महिपतची, धाकटी मुलगी. रत्नागिरीत तिची लॅब आहे. मी बहात्तरची, पण उभा जन्म हेच काम केलं, म्हणून प्लेटी वाचायला अजून जाते. चिठ्ठीवर होतं: सानवी, वय सात, टायफॉइड. रघूची नात. पालीच्या नाक्यावर ज्याचं मेडिकल आहे, तो रघू.

प्लेट म्हणजे एक बशी, तिच्यात फिकट खरवसासारखा थर असतो. त्यावर रोग्याच्या रक्तातले जंतू पसरायचे आणि औषधांच्या कागदी चकत्या ठेवायच्या. औषध लागू असेल तर चकतीभोवती जंतू उगवत नाहीत, स्वच्छ गोल पडतो. तो पट्टीने मोजायचा. गोदा, नम्रताने कधी न पाहिलेली तिची थोरली बहीण, सुट्टीत माझ्या मागे मागे लॅबमध्ये यायची. "आत्या, आज बशीत काय लावलंस?" विचारायची.

एक्क्याण्णव साली नऊ वर्षांच्या गोदाला ताप आला. तिची प्लेट मीच वाचली. रघूने सुरू केलेल्या कॅप्सूलपुढे मी लिहिलं, सहा. चकतीच सहा मिलिमीटरची असते. सहा म्हणजे गोल पडलाच नाही, औषध फुकट. तेव्हा आम्ही नुसते आकडे लिहायचो, डॉक्टरांना कळायचं. पण त्या दिवशी डॉक्टर भेटले नाहीत आणि महिपतने चिठ्ठी रघूला दाखवली. रघूने गिऱ्हाइकांसमोर निकाल दिला, "दहापैकी सहा! पास झाली की कॅप्सूल. चालू ठेव."

मी पालीला पोचले तोवर पाच दिवस गेले होते. दुकानात ओरडले, तर हसून म्हणाला, "बशीत जंतू पिकवणारी बाय मला औषधं शिकवते!" दोन दिवसांनी गोदाचं आतडं फाटलं. तिची राख गार व्हायच्या आत त्याने महिपतला सांगितलं, "तू डोस चुकवला असशील."

महिपतने ते खरं मानलं. माझं नाही. "तू तुझ्या लॅबचीच बाजू घेणार," म्हणाला. तेव्हापासून त्याच्या उशाशी गजराचं घड्याळ आहे. कुठला डोस चुकला असेल, याचा हिशेब तो अजून करतो.

मी पट्टी हातात घेतली. रघूने नातीला सहा दिवस आपल्या दुकानातली नवी गोळी दिली होती. त्या गोळीच्या चकतीला जंतू अगदी चिकटून उगवले होते. सहा. आणि गोदाच्या त्या जुन्या कॅप्सूलभोवती सव्वीसचा लख्ख गोल. इतकी वर्षं ती कोणी फारशी दिली नाही, म्हणून जंतू तिला तोंड द्यायचं विसरले. मी विसरले नव्हते.

'प्लेट बिघडली, परत रक्त पाठवा' एवढं म्हटलं असतं, तर तीन दिवस गेले असते. खोटं कशाला बोलू, ते तोंडाशी आलं होतं. मग मी सानवीच्या डॉक्टरांना फोन केला, कुठलं इंजेक्शन लागू आहे ते सांगितलं. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. पोरीशी माझं वैर नव्हतं.

दहाला रघू रिपोर्ट न्यायला आला. त्याला काही ठाऊक नव्हतं. "फोन बंद करून टेबलावर ठेव, लॅबचा नियम आहे," मी म्हटलं. असा नियम नाही.

"चंपाताई, झाला काय रिपोर्ट? पोर डोळा उघडीत नाय गो."

"बस."

पाऊण तास बसवला. नम्रता मला आत घेऊन गेली. "आत्या, पुरे झालं."

"चौतीस वर्षांपुढे पाऊण तास म्हणजे काय गो?"

मग त्याच्यापुढे कागद धरला. "तुझ्या गोळीचा आकडा वाच."

"सहा."

"किती मार्कांपैकी, रघू?"

मी एक कोरी चकती आणि पट्टी टेबलावर ठेवली. "मोज."

त्याने चकतीवर पट्टी धरली. दोनदा मोजलं. "नुसती चकतीच सहाची हाय," म्हणाला. मग वर बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "महिपतची पोर..."

"गोदा. नाव घे तिचं."

"गोदा." मग हात जोडून, "माझी सानवी?"

"सकाळीच इंजेक्शन सुरू झालंय. डॉक्टर म्हणतात, निभावेल."

तो पाया पडायला वाकला. मी पाय खुर्चीखाली घेतले. "माझ्या नको. गाडी काढ."

पालीला महिपत पडवीत बसला होता. वाडीतली चार माणसं जमेपर्यंत मी रघूला तोंड उघडू दिलं नाही. मग त्याने सगळ्यांसमोर चकती मोजून दाखवली. "तुझा डोस चुकला नव्हता, महिपतदादा. औषधच फुकट होता. मला आकडा कळला नाय, तरी बोललो. वर तुझ्यावर ढकलला."

महिपतने ती चकती तळहातावर घेतली. "म्हणजे मी सगळे डोस दिले होते," एवढंच म्हणाला. मग सुनेला हाक मारली, "रघूला पाणी दे गो. नात आजारी हाय त्याची."

मी दिलं नसतं. रघूने तांब्या रिकामा केला, तोंड पुसलं आणि उठायला लागला.

"बस," मी म्हटलं. "वरच्या वाडीतली माणसं अजून यायचीत."