इस्त्रीच्या टेबलाची हरकत

मी इस्त्रीचं टेबल बोलतोय. हसू नका. तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद दाराआड पाय मिटून उभा असेल. पण एका नामवंत लेखिकेच्या झाडून सगळ्या विनोदी प्रेमकादंबऱ्या माझ्या पाठीवर लिहिल्या गेल्या, आणि हे आजवर एकाही वर्तमानपत्राने छापलेलं नाही. म्हणून मलाच तोंड उघडावं लागतंय.

सुताराच्या दुकानातून मला एका नव्या जोडप्यानं घरी आणलं. साधी फळी, घडीचे पाय, वर जाड कापड. नवरा विमा कचेरीत अधिकारी. त्याला सगळे साहेब म्हणत, घरातसुद्धा. साहेबांचं लिहायचं टेबल वेगळं होतं. भारी लाकडाचं, खणांचं, वर काच. त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

बाईंच्या वाट्याला मी आलो. इस्त्री तापेपर्यंत दोन ओळी, कॉलर झाली की आणखी दोन. सगळं उभ्यानं. "बसून लिहिलं की माझी माणसं रडायला लागतात," त्या म्हणत. "उभ्यानं कशी चुरूचुरू बोलतात!"

लिहिलेलं पान सासूबाईंना वाचून दाखवायचं, हा रिवाज. सासूबाई शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालत. त्या कधी हसत नसत. घडी घालणारा हात थांबला, की पान पास. नाही थांबला, की बाई ते फाडत.

"तुझा नायक फार गोड बोलतो गं," एकदा सासूबाई म्हणाल्या. "लग्नानंतर पस्तावेल ती."

"मग काय करू, आई?"

"जरा वेंधळा कर त्याला. वेंधळ्यांवर जीव जडतो."

"हे अनुभवाचे बोल का?"

"सासऱ्यांना विचार तुझ्या. आत चष्मा शोधतायत. डोक्यावर आहे."

एकदा नायिकेचं भांडण रंगात आलं आणि बाई इस्त्री साहेबांच्या शर्टावर तशीच विसरल्या. धूर निघाला. साहेब धावत आले, "अगं, माझा शर्ट!"

"थांबा हो, ती आत्ता त्याला नाही म्हणतेय!"

शर्ट गेला, माझ्या कापडावर करपट डाग कायमचा राहिला, आणि बाईंना नायक सापडला. पाठीवर इस्त्रीचा डाग घेऊन मुलगी बघायला गेलेला. ती कादंबरी लोकांनी डोक्यावर घेतली.

समीक्षकांनी काय लिहिलं? 'फावल्या वेळातलं हलकंफुलकं लेखन.' कुठला फावला वेळ? घरभरच्या कपड्यांना इस्त्री करून बघा एकदा, मग वेळ फावतो का सांगा! रडवणारा तो थोर, आणि हसवणारी बाई म्हणजे गंमत, हा न्याय कुणी ठरवला? मुलाखतीला आलेल्या छायाचित्रकारानं तर कमाल केली. बाईंना साहेबांच्या टेबलाशी बसवलं, हातात पेन दिलं, आणि "हे मध्ये येतंय" म्हणून मला दाराआड ढकललं. तोच फोटो पुढे प्रत्येक पुस्तकामागे छापला गेला.

सासूबाई गेल्या, नंतर साहेबही. बाईंचं लिहिणं थांबलं. लहान घरात जायचं ठरलं तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, दोन्ही टेबलं मावणार नाहीत. बाबांचं ठेवू. ही फळी भंगारात देऊन टाकू."

त्याच सकाळी ग्रंथपाल आले. ग्रंथालयात बाईंचं दालन होणार होतं. "बाई, तुमचं लिहिण्याचं टेबल द्या. भोवती काच लावू, दोरी बांधू. कुणाचा हात लागणार नाही त्याला."

"कुणाचाच नाही?"

"छे! आमची जबाबदारी."

मी पाय ताठ केले. आता तरी खरं बाहेर येणार! बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांच्या टेबलावर थाप मारली. "हे न्या. सगळं यावरच लिहिलंय."

धडधडीत खोटं! ग्रंथपाल गेल्यावर मुलगा म्हणाला, "अगं आई, खोटं कशाला सांगितलंस?"

"त्या टेबलाला सवय आहे रे, हात लावून न घ्यायची."

आता मी नव्या घरात खिडकीशी उभा आहे. एक पाय डुगडुगतो, त्याखाली पुठ्ठा आहे. परवा बाईंनी इस्त्री तापत ठेवली आणि माझ्या डागावर कोरा कागद पसरला. पान झालं, तसं मोठ्यानं वाचलं. मुलगा समोर टॉवेलांच्या घड्या घालत होता. मध्येच त्याचा हात थांबला. बाईंनी पान जपून बाजूला ठेवलं.

ग्रंथालयात गेलात तर काचेतल्या त्या टेबलाला खुशाल नमस्कार करा. माझी हरकत कायम आहे. फक्त एक विनंती, दुरुस्ती छापू नका. खरं कळलं, तर मला घेऊन जातील.