क्रिप्टॉनची बारीक रेषा

रुंद

स्फटिकवालीची रेषा रुंद होती, आणि सगळं भांडण त्या रुंदीचं होतं.

प्रयोगशाळेतल्या संलयन यंत्राच्या पोटात वायू तापून प्लाझ्मा झाला, की त्यात चिमूटभर आर्गॉन सोडायचा. त्याचे क्ष-किरण तिच्या वाकवलेल्या स्फटिकावरून पडद्यावर रेषा होऊन उतरायचे. कण जितके तापलेले तितकी त्यांची धावपळ, आणि तितकीच रेषा रुंद. ही रुंदी खरी असेल, तर यंत्र आजवर कधी नव्हे इतकं तापत होतं.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांना पटेना. स्फटिक तिनेच वाकवून चिकटवलेला. तोच वेडावाकडा बसलाय, असं त्यांनी भर बैठकीत सुनावलं. किरण बाहेर येतात ती यंत्रावरची तिची खिडकी सोमवारपासून दुसऱ्या गटाला.

आई फोनवर विचारायची, "झाली का गं तुझी रेषा बारीक?" जणू घरातली एखादी लठ्ठ आत्याच.

मधेच

जिन्यात, हातात डबा असताना सुचलं. ती तिथेच पायरीवर बसली.

क्रिप्टॉन आर्गॉनहून जड. जड गडी त्याच आगीत हळू धावतो. रुंदी तापमानाचीच असेल, तर त्याची रेषा बारीक यायला हवी. पण दोष स्फटिकाचा असेल, तर तो कुणाचाच मुलाहिजा ठेवणार नाही. दोघेही सारखेच फुगलेले दिसतील.

वायूची झडप जुन्या तंत्रज्ञांच्या, सगळ्यांच्या मामांच्या, ताब्यात. परका वायू त्यांच्या लेखी घाणच. आर्गॉनसुद्धा जिवावर आल्यासारखा सोडत. आणि क्रिप्टॉन जरा जास्त झाला, तर प्लाझ्माच विझायचा.

"मामा, एकदाच."

"विझला तर प्रमुखांपुढे तू उभं राहायचं."

"राहीन."

"मी तुझ्या मागे लपेन," म्हणत मामांनी झडप किंचित उघडली.

अरुंद

प्लाझ्मा लुकलुकला. मामांनी डोळे मिटले.

सावरला.

पडद्यावर रेषा उतरली.

बारीक.

केसासारखी बारीक, सरळ, टोकदार.

प्रमुख खुर्ची ओढून बसले. शेजारी आर्गॉनची रेषा लावून त्यांनी स्वतःच हिशेब मांडला, खोडला, पुन्हा मांडला. दोन्ही वायूंनी एकच तापमान सांगितलं. तेच, तिचं.

"स्फटिक उत्तम बसलाय," ते म्हणाले. "खिडकी तुझीच राहील." मग सगळ्या खोलीकडे वळून त्यांनी सांगितलं की यंत्राने आपलाच उच्चांक मोडलाय. टाळ्यांचा कडकडाट झाला. लपायला निघालेले मामा सर्वांत पुढे येऊन उभे राहिले.

तिने आईला फोन लावला.

"एक झाली बारीक."

"आणि ती दुसरी?"

"तिची रुंदी खरीच आहे, आई. मिरवू दे तिला."