समोरची दोरी

मी बंडी बोलतेय. आतली. ब्लाऊजच्या खाली, कातडीला लागून बसणारी. माझं नाव चारचौघांत घ्यायचं नसतं म्हणे, म्हणून मीच घेते. घाम टिपायचं माझं काम आहे आणि त्याची मला कणभर लाज वाटत नाय. ज्यांना वाटते त्यांनी खुशाल नाक मुरडावं.

माझा जन्म करमाडचा. त्याआधी मी धोतराचं एक पान होते. धोतरं जोडीनं येतात, दोन पानांची. आमची जोडी मल्हाररावांची. ते मेंढरं राखायचे. एक पान कमरेला, दुसरं धुऊन बोरीच्या झुडपावर पसरलेलं, असं आम्ही दोघी पाळीपाळीनं त्यांच्यासंगं रानोमाळ हिंडलो. धुऊन धुऊन अशा मऊ झालो की पाण्याचा थेंब टेकायच्या आधी आत ओढून घ्यायचो.

मल्हाररावांची लेक मंजुळा बजाजनगरात दिलेली. वाळूजच्या एका कंपनीत कामाला. चार वर्षं तिनं मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभ्यानं खोकी भरली. मग तिची नजर आणि हात बघून तिला आतल्या बंद खोलीत तपासणीच्या टेबलावर बसवलं. बसायला खुर्ची, वरून गार हवा. पण खिडकी एकबी नाय आणि बायका खांद्याला खांदा लावून. महिन्याभरात शेजारणीनं आपली खुर्ची लांब सरकवली. दुसरी म्हणाली, "मेंढरावाल्याच्या घरची हाय, वास तर येणारच." टेबलावर देखरेख द्वारकाबाईची. तिनं मंजुळाला बाजूला घेऊन सांगितलं, "काम तुझं चोख हाय. पण आणखी तक्रारी आल्या तर तुला परत शेडमध्ये धाडावं लागंल, आणि ते मलाबी आवडणार नाय."

सुट्टीला मंजुळा करमाडला आली, चुलीपुढं बसली आणि सगळं सांगून रडली. तिची आई म्हाळसाबाई. तिनं लेकीला गप्प केलं नाय, रडू दिलं. आणि रडणं चालू असतानाच कात्री आणली.

"माझं पान घेतलंस का?" मल्हाररावांनी बाहेरून विचारलं.

"एक ठेवलंय तुमच्यासाठी."

"घे मग. लई घाम प्यालंय ते माझा. आता लेकीचा पिऊ दे."

म्हाळसाबाई शाळेत गेलेली नाय, पण कापड तिला कळतं. तिनं मला बिनबाह्यांची बेतली, अंगावर सैल. दोन्ही काखेत आतून एकेक खिसा शिवला आणि त्या खिशात बसतील अशा चौपदरी घड्या केल्या. सकाळच्या घड्या दुपारी जेवायच्या सुट्टीत काढायच्या आणि कोरड्या घालायच्या, म्हणजे ओल अंगावर राहतच नाय. कोणा इंजिनिअरला सुचलं असतं तर त्यानं पेपरात फोटो छापून आणला असता. म्हाळसाबाईनं दातानं दोरा तोडला आणि भाकरी टाकायला उठली.

पहिला दिवस झकास गेला. दुसराही बरा गेला. तिसऱ्या दिवशी मलाच माझा वास आला.

त्याचं कारण सांगते, कारण सगळा घोळ तिथंच आहे. मंजुळाच्या सासूबाई सारजाबाई. वाईट बाई नाय. सून पहिल्या पाळीला जाते म्हणून पहाटे उठून डबा करून देणारी. पण तिचा एक कायदा. गल्लीकडच्या दोरीवर गडीमाणसांचे कपडे, चादरी, साड्या. बायकांचं आतलं कापड मागं, मोरीजवळच्या बोळात, तेही टॉवेलखाली झाकून. तिच्या सासूनं तिला तेच शिकवलं आणि तिनं सुनेला. मंजुळा चारला घरी यायची, मला धुवायची आणि त्या बोळात टॉवेलखाली कोंबायची. वारा नाय, ऊन नाय. सकाळी मी दमट ती दमटच, आणि तशीच तिच्या अंगावर. कुबट वास मारणार नाय तर काय करणार?

बिचारीला वाटलं, खोट आपल्या अंगातच आहे. तिनं दोनदोनदा अंघोळ केली. कांदा सोडला. शेवटी सेंट आणून माझ्यावर फवारला. बुरशीवर मोगरा. असला अपमान माझा जन्मात झाला नव्हता. टेबलावरच्या बायकांनी पदर नाकाला लावले आणि द्वारकाबाई मान खाली घालून म्हणाली, "सोमवारी बघते मंजुळा. मग माझ्या हातात काय राहणार नाय."

रविवारी मल्हारराव बाजरी घेऊन आले. मोटारसायकलवर मागं बसून आलेले, घामानं निथळलेले. अंघोळ केली, धोतर धुतलं आणि सरळ जाऊन गल्लीकडच्या दोरीवर पसरलं. कोणी काय बोललं नाय. सारजाबाईनं तर चिमटे आणून दिले.

मंजुळा चहा घेऊन बाहेर आली आणि कपबशी हातातच राहिली. समोर माझी बहीण, त्याच जोडीतलं दुसरं पान, चैत्राच्या उन्हात फडफडत होतं. अर्ध्या तासात खडखडीत. मंजुळानं कप ठेवला, धोतराचं टोक नाकाला लावलं. मग मागं बोळात आली, टॉवेल भिरकावला आणि माझा वास घेतला. कापड तेच, घाम एकाच घरचा. फरक फक्त दोरीचा होता.

तिनं मला नव्यानं धुतलं, पिळलं आणि गल्लीकडं नेलं. सारजाबाई आडवी आली.

"अगं, आत घे ते. गल्ली बघती."

"बघू दे, आत्याबाई. आबांचं धोतर बघतीच की."

"ते गडीमाणसाचं."

"हे त्याच जोडीतलं हाय. ते उन्हात वाळतंय म्हणून वास येत नाय, आणि हे अंधारात कुजतंय म्हणून माझी खुर्ची चाललीय." मंजुळानं मला जोरात झटकलं. "आत्याबाई, मला परत शेडमध्ये उभं राहायचं नाय."

मल्हारराव भिंतीकडं बघत चहा पीत राहिले. सारजाबाई बाजूला झाली. मंजुळानं मला बहिणीशेजारी पसरलं, काखेतले खिसे उलटे करून, घड्या सुट्या मांडून, सगळ्या गल्लीच्या तोंडावर. समोरच्या घरातल्या दोघी कुजबुजल्या. मी आणखी ताठ झाले.

सोमवारी द्वारकाबाई मुद्दाम मंजुळाच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. चांगली तासभर बसली. उठताना म्हणाली, "काय केलंस गं?"

"उन्हात वाळवलं."

एवढंच बोलणं झालं. खुर्ची राहिली. ज्या शेजारणीनं आपली खुर्ची लांब नेली होती तिनं ती हळूच परत जवळ घेतली. तिनं माफी मागितली नाय आणि मीबी माफ केलं नाय.

आता मी विरलेय. एका खिशाला ठिगळ आहे, पाठ तर जाळीसारखी झालीय. अजून रोज चारला दोरीवर जाते, समोरच्या. कोणाला बघायचं तर बघा. पण तुमच्या घरात माझ्यासारखी कोणी टॉवेलखाली दडपली असंल तर तिला बाहेर काढा. मळानं आमचं काय बिघडत नाय, तो धुऊन जातो. झाकून ठेवता ना, त्यानं नासतो आम्ही.

परवाची गोष्ट सांगते आणि थांबते. मंजुळा मला वाळत घालून दुकानात गेली होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सारजाबाई बाहेर आली, इकडंतिकडं बघितलं आणि पदराखालून आपली आतली चोळी काढून दोरीच्या पार टोकाला टाकली. चाळीस वर्षं तिच्या चोळ्या बोळातच वाळल्या. मग काय वाटलं कोण जाणे, तिनंच ती उचलून दोरीच्या मधोमध आणली आणि चिमटा लावला.

चोळी भेदरलेली होती. मी तिला म्हटलं, "पसर नीट, घडीत ओल राहती. इथं लई चांगलं ऊन येतं."